पंचेचाळिशीनंतर नोकरी शोधताना लिंक्डइनसारख्या नेटवर्किंग साइटचा खरंच उपयोग होतो का?

गोदाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी नाशिकचा, वय ४६. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १९ वर्षं क्वालिटीत काढली, त्यातली शेवटची ६ मॅनेजर म्हणून. गाड्यांचे ॲल्युमिनियमचे सुटे भाग आमच्याकडे मशीनिंग होऊन पुढे जायचे. मार्चमध्ये दोन लाइन बंद झाल्या आणि आम्हा ११ जणांना हिशेब देऊन घरी पाठवलं. कंपनीनं पैसे चोख दिले, त्याबद्दल तक्रार नाही.

लेकीनं मला या प्रोफेशनल नेटवर्किंगच्या साइटवर बसवलं. फोटो तिनंच काढला, इंग्रजी तिनंच नीट केलं. गेल्या पाच महिन्यांत तीन साइट मिळून २१२ अर्ज केले. क्वालिटीतला माणूस आहे, त्यामुळे सगळं वहीत मांडून ठेवलंय. १४० ठिकाणांहून काहीच उत्तर नाही. ६१ ठिकाणांहून एकाच साच्यातला नकार. ११ फोन आले आणि त्यातले ४ मुलाखतीपर्यंत गेले. चारही ठिकाणी शेवटी वयावर किंवा पगारावर येऊन थांबलं.

रोज सकाळी ९ ते १ मी हेच करत बसतो. बायको काही बोलत नाही, पण चहा ठेवताना स्क्रीनकडे बघते. मला एवढंच कळून घ्यायचंय, की या साइटवरून कुणाला खरंच काम मिळालंय का? मिळालं असेल तर नेमकं कसं? आणि मिळत नसेल तर हे रोजचे चार तास मी दुसरीकडे लावीन.

पिंपळपान | ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

दादा, स्पष्ट सांगतो. या साइट आयटीवाल्यांसाठी आणि इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांसाठी आहेत. माझा धाकटा भाऊ आयटीआय फिटर. चाकणला तीन कारखाने बदलले, त्यात एकदाही कुठल्या साइटचा संबंध आला नाही. पहिलं काम गावातल्या एकानं कंत्राटदाराकडे नेऊन बसवलं म्हणून. दुसरं गेटवर बोर्ड लागला होता, सकाळी सातला जाऊन उभा राहिला म्हणून. तिसरं व्हॉट्सॲप ग्रुपवरून. 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे, १२ तास, रूमची सोय' असा चार ओळींचा मेसेज आणि खाली नंबर. त्यावर फोन केला, दुसऱ्या दिवशी कामावर.

आमच्या वडिलांकडे नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी सेवायोजन कार्यालयाचं कार्ड होतं. वर्षानुवर्षं नूतनीकरण केलं, कॉल एकदाही आला नाही. १९५९ च्या कायद्यानं कारखान्यांना रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवायला लावल्या, पण माणूस त्याच यादीतून घ्या असं बंधन नव्हतं. कळवायच्या, आणि भरायच्या मात्र ओळखीतून. आताच्या साइटचं मला तसंच वाटतं. जाहिरात सगळ्यांना दिसते, जागा आधीच कुणाची तरी ठरलेली असते.

मोगरा | १२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

गोदाकाठ, तुमचं वाचून पोटात कालवलं. सविस्तर लिहिते रात्री. तोवर एक: रोज चार तास अर्ज करू नका. माणूस आतून खचतो त्यानं.

जोडाक्षर | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

मी पुण्यात ११ वर्षं भरतीचं काम करते, त्यातली ७ वाहन उद्योगासाठी. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते, कारण उमेदवारांना ते कुणी सांगत नाही.

एक जागा टाकली की दोन दिवसांत माझ्याकडे सहाशे-सातशे अर्ज येतात. एका बटणात अर्ज करायची सोय झाल्यापासून हा आकडा फार वाढला. त्यातले निम्मे त्या कामाशी संबंध नसलेले असतात. मी पहिल्या दीडशे-दोनशेच्या पुढे क्वचित जाते. आळस म्हणून नव्हे. माझ्याकडे त्याच वेळी अशा पंधरा-वीस जागा असतात आणि प्रत्येक मॅनेजरला शुक्रवारपर्यंत पाच नावं हवी असतात. म्हणजे चौथ्या दिवशी केलेला अर्ज बहुधा कुणी उघडतच नाही. तुमचे १४० निरुत्तर अर्ज याच ढिगात असणार. ते तुमच्या लायकीवरचं उत्तर नाही, हे आधी मनावर घ्या.

दुसरी बाजू. मी स्वतः शोधायला निघते तेव्हा अर्ज बघत नाही, शोधखिडकीत शब्द टाकते. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, आणि आमच्यासारखे लोक पैसे भरून तिथला रेझ्युमेंचा साठा चाळतात. कुणी गेल्या काही दिवसांत प्रोफाइलला हात लावलाय ते आधी बघतो, कारण तो माणूस खरंच शोधात असतो. लिंक्डइनवरही भरती करणाऱ्यांसाठी वेगळी शोधाची सोय आहे. आणि मी 'अनुभवी क्वालिटी प्रोफेशनल' असा शब्द कधीच टाकत नाही. मी टाकते 'आयएटीएफ १६९४९' (वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक), 'पीपॅप' (सुट्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं), 'सीएमएम' (मोजमापाचं यंत्र), 'प्रेशर डाय कास्टिंग', 'सप्लायर ऑडिट'. हे शब्द तुमच्या प्रोफाइलमध्ये नसतील तर १९ वर्षांचा अनुभव असूनही तुम्ही मला दिसणार नाही.

शहराचंही तसंच. ठिकाण म्हणून फक्त नाशिक लिहिलं असेल तर चाकण, रांजणगाव, वाळूजच्या जागांसाठी शोधताना तुम्ही गाळले जाता. जायची तयारी असेल तर तसं स्पष्ट नोंदवा. आणि तुम्ही लगेच रुजू होऊ शकता ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. ९० दिवसांच्या नोटीसवर अडकलेल्या माणसांनी आम्ही बेजार असतो.

वयाबद्दल खोटा धीर देणार नाही. जाहिरातीत कुणी लिहीत नाही, पण फोनवर 'चाळिशीच्या आतला बघा' असं मला सांगितलं जातं. मी वाद घालते, कधी जिंकते, बऱ्याचदा हरते. फक्त एका वाटेनं आलेल्या माणसाचं वय कुणी विचारत नाही. आतल्या कुणीतरी 'याच्याबरोबर मी काम केलंय' असं म्हटलं की. तो रेझ्युमे माझ्या ढिगाच्या वर येतो, मॅनेजर स्वतः वाचतो.

पिंपळपान | १२ ऑगस्ट, दुपारी २:५०

म्हणजे ताई, मी म्हटलं तेच. शेवटी ओळख.

घाटमाथा | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

ओळख हे खरं, पण कुठली ओळख, यात सगळी मेख आहे. मी निवृत्त प्राध्यापक, समाजशास्त्र शिकवलं. हा विषय वर्गात इतक्या वेळा मांडलाय की थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा एक लेख १९७३ साली आला. बॉस्टनच्या एका उपनगरात राहणाऱ्या, नुकतीच नोकरी बदललेल्या तंत्रज्ञ, व्यवस्थापक मंडळींना त्यानं विचारलं होतं, की या नोकरीची खबर तुम्हाला ज्याच्याकडून लागली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेले ५४ जण होते. वरचेवर भेटणाऱ्याकडून खबर लागलेले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के. क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. म्हणजे जिवलग मित्र आणि भाऊबंद मागेच राहिले. कामाला आला तो जुना सहकारी, नाहीतर कधीतरी एका कामात भेटलेला माणूस. कारण उघड आहे. आपले जवळचे लोक आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. गोदाकाठ यांच्याबरोबर घरी बसलेले दहा जण त्यांचे सगळ्यात जवळचे, पण ते दहाही त्याच शोधात आहेत.

यावर लिंक्डइनवरच एक फार मोठा प्रयोग झाला. 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' अशी जी यादी दिसते, ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या पद्धतीनं दाखवली गेली. काहींना जवळच्या ओळखी जास्त सुचवल्या, काहींना दूरच्या. २०१५ ते २०१९ या काळात दोन कोटींवर लोक त्यात होते, आणि सुमारे सहा लाख नव्या नोकऱ्या मोजल्या गेल्या. निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. (आपण प्रयोगात आहोत हे त्या लोकांना वेगळं सांगितलेलं नव्हतं. मला ते आजही पटत नाही. माणसाच्या पोटापाण्याशी गाठ असलेल्या गोष्टीत विचारायला हवं होतं.)

निष्कर्ष असा, की नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडली ती मधली ओळख. चार-दोन सामाईक माणसं आहेत, पण रोजचं बोलणं नाही, अशी. अगदी परका माणूस तितका उपयोगी नाही आणि अगदी घट्ट नात्यातला तर सगळ्यात कमी.

आता पिंपळपान, तुमच्यासाठी मुद्दाम. त्याच अभ्यासात आढळलं, की सैल ओळखी उपयोगी पडल्या त्या ज्या धंद्यांत संगणकाचा वापर जास्त आहे तिथं. जिथं तो कमी, तिथं घट्ट ओळखीच जास्त कामी आल्या. तुमच्या भावाला गावातल्या माणसानं कंत्राटदाराकडे नेलं, त्याचा अनुभव त्याच्या कामापुरता अगदी खरा आहे. म्हणून तो गोदाकाठ यांना लागू पडेलच असं नाही.

पिंपळपान | १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

सर, हे मला माहीत नव्हतं. पटलं.

पण घट्ट ओळखीची दुसरी बाजूही लिहा कुठंतरी. कंत्राटदाराकडे नेणारा माणूस पहिल्या पगारातून हजार रुपये घेतो. पुढं बारा तासांचे सोळा झाले तरी तोंड उघडता येत नाही, कारण 'मी तुला लावलं' हे तो गावभर सांगत असतो. आणि ज्याच्या भावकीत कुणीच कारखान्यात नाही त्या पोरानं काय करायचं? आमच्या वस्तीत अशी पोरं आहेत, आयटीआय करून बसलीत. त्यांच्यासाठी उघड्यावर लागलेली जाहिरात, मग ती साइटवर का असेना, फार मोठी गोष्ट आहे. कालच्यापेक्षा आज वेगळं बोलतोय हे मान्य.

जोडाक्षर | १२ ऑगस्ट, रात्री १०:३५

पिंपळपान, त्या मुलांना केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवर नाव घालायला सांगा. २०१५ पासून सुरू आहे, एक पैसा लागत नाही. कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागायचं असेल तर त्याचं सरकारी पोर्टल वेगळं आहे, तिथंही नोंद करा. मोठ्या कारखान्यांना कायद्यानं ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, तिथं भावकी लागत नाही.

मोगरा | १२ ऑगस्ट, रात्री ११:४५

सकाळी म्हटलं होतं, लिहिते.

मी ठाण्यात. मुलगा लहान म्हणून ६ वर्षं नोकरीबाहेर. परत यायचं ठरवलं तेव्हा प्रोफाइलवर ती ६ वर्षं कशी लपवायची याचाच विचार महिनाभर केला. शेवटी लपवली नाहीत. 'मूल लहान होतं म्हणून थांबले' एवढंच लिहिलं.

पहिल्या महिन्यात आलेल्या मेसेजपैकी अर्धे कामाचे नव्हतेच. 'तुमचा फोटो छान आहे', 'कॉफीला भेटू', एकानं तर रात्री एक वाजता. नोकरीच्या साइटवरही हे सोसावं लागतं हे मला माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी खूप रडू आलं. सगळ्यांना ब्लॉक केलं, तक्रारी नोंदवल्या. इथं वाचणाऱ्या मुलींनो, लाजू नका. फोटो काढून टाकू नका, त्यांनाच काढा.

मला काम कसं मिळालं? अर्जांतून नाही. मी इंग्रजी-मराठी भाषांतर करते. दर आठवड्याला एक छोटी गोष्ट टाकायला लागले. बँकेच्या माहितीपत्रकातलं एखादं मराठी वाक्य घ्यायचं, ते सामान्य माणसाला का कळत नाही ते सांगायचं, आणि तेच सोपं करून दाखवायचं. स्वतःबद्दल एक शब्द नाही. आपल्या घरांमध्ये आपल्याच तोंडानं आपली आरती ओवाळणं वाईट समजतात, मला ते कधी जमलंच नसतं. पण केलेलं काम समोर ठेवणं म्हणजे बढाई नव्हे. चौथ्या महिन्यात, १० वर्षांपूर्वी एकाच ऑफिसात असलेल्या, तेव्हा फारसं बोलणंही नसलेल्या बाईंचा मेसेज आला. आज माझं निम्मं काम त्यांच्याकडून येतं.

घाटमाथा सरांचं वाचताना मला त्याच आठवल्या.

दर्यावर्दी | १३ ऑगस्ट, सकाळी ६:१५

गोव्याहून. आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, आमच्या घरात तिसरी पिढी. धाग्याच्या विषयाला थोडं सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मावसभावाला अशाच एका साइटवर क्रूझवरच्या नोकरीचा मेसेज आला. प्रोफाइल झकास, फोटो, पाचशेवर ओळखी, त्यात आमच्या गावचे दोघं. त्या दोघांना बघून त्यानं विश्वास टाकला. नंतर कळलं की त्या दोघांनीही विनंती आली म्हणून नुसती स्वीकारली होती. मेडिकल आणि व्हिसाच्या नावाखाली ४५,००० रुपये गेले. आईच्या बांगड्या होत्या त्या.

म्हणून लिहून ठेवा. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन लागतं. नंबर मागायचा आणि डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः ताडून बघायचा. आणि नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेणंच नियमाबाहेर आहे. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार तेच सांगतो, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केलाय. पैसे मागितले की तिथंच उठायचं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला लगेच फोन लावायचा. भाऊ लाजेपायी तीन दिवस गप्प बसला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

आणि अनोळखी माणसाची विनंती सहज म्हणून स्वीकारू नका. तुमच्या नावावर विश्वास ठेवून तिसराच कुणीतरी बुडतो.

एल्बेकाठ | १३ ऑगस्ट, दुपारी १:०० (हॅम्बुर्गहून)

दर्यावर्दी, शेवटची ओळ फार महत्त्वाची. मी आज बसून माझी यादी साफ केली.

इकडचं थोडं. जर्मनीत लिंक्डइनच्या जोडीला 'झिंग' आहे, २००३ मध्ये याच शहरात 'ओपनबीसी' नावानं सुरू झालेली, २००६ पासून आताचं नाव. आले तेव्हा माझं प्रोफाइल इंग्रजीत होतं, आठ महिने शांतता. जर्मनमध्ये लिहिलं, अगदी साधं, चुका सुधारून घेऊन, आणि पंधरवड्यात पहिला मेसेज. कामाची भाषा कुठली ते बघून लिहायला हवं होतं, मी माझ्या सोयीची निवडली होती.

गोदाकाठ, एक विचारते. जुन्या कंपनीकडून तुम्हाला दाखला मिळाला त्यात काय लिहिलंय? इकडे नोकरी सोडताना तुम्ही काय काम केलंत आणि कसं केलंत याचं सविस्तर पत्र मागायचा कायद्यानं हक्क आहे, आणि पुढचा मालक ते खरोखर वाचतो. आपल्याकडे 'अमुक ते तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते' एवढंच देतात. तुमचे संबंध चांगले असतील तर मागून बघा.

गोदाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ९:५०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. लेकीलाही वाचून दाखवलं.

जोडाक्षर ताई, तुमचा एकही शब्द माझ्या प्रोफाइलमध्ये नव्हता. वर 'निष्ठावान व अनुभवी व्यावसायिक' अशा अर्थाचं काहीतरी होतं. आज सगळं नव्यानं लिहिलं. पीपॅप, सीएमएम, डाय कास्टिंग, किती सप्लायर ऑडिट केली तो आकडा, रिजेक्शन कितीवरून कितीवर आणलं तो आकडा. लिहिताना लक्षात आलं की गेल्या पाच महिन्यांत मला माझंच काम आठवलं नव्हतं.

एल्बेकाठ, दाखला तसाच आहे, दोन ओळींचा. जुन्या प्लँट हेडना उद्या फोन करतो.

आणि घाटमाथा सर, वही काढून बसलो. जवळचे नाहीत पण एकत्र काम केलंय, अशी ३४ नावं निघाली. ग्राहक कंपन्यांकडून ऑडिटला येणारे, आम्ही ज्यांच्याकडे ऑडिटला जायचो ते, गेज कॅलिब्रेशनवाले, ट्रेनिंगमध्ये तीन दिवस शेजारी बसलेला एक जण. बहुतेकांचे नंबर बदललेत, पण २६ जण साइटवर सापडले. हा उपयोग मला कुणी सांगितलाच नव्हता.

लिहायचं काय पण? 'नोकरी गेली, बघा काही' असं हात पसरल्यासारखं लिहवत नाही.

मोगरा | १३ ऑगस्ट, रात्री १०:०५

नोकरी मागू नका. एकत्र केलेलं काम आठवा, तुम्ही आता मोकळे आहात हे सांगा, आणि त्यांच्याकडे हल्ली काय चाललंय ते विचारा. प्रत्येकाला वेगळं लिहा, मराठी माणूस असेल तर मराठीत. रोज तीन-चारच.

घाटमाथा | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

ऑडिटमध्ये ज्यांना तुम्ही कडक वाटलात त्यांनाही लिहा. त्यांनी तुमचं काम सगळ्यांत जवळून पाहिलंय.

गोदाकाठ | २ सप्टेंबर, रात्री ८:४०

तीन आठवड्यांनी येतोय.

२६ जणांना लिहिलं, १७ जणांनी उत्तर दिलं. २१२ अर्जांच्या वहीशेजारी हे लिहिताना हात थांबला होता. दोघांनी स्वतःहून फोन केला. नोकरी अजून नाही. पण सिन्नरच्या एका फाउंड्रीत आमचाच जुना सप्लायर आहे, २०१७ मध्ये मी त्यांचा एक लॉट सबंध परत पाठवला होता. त्यांचे मालक म्हणाले, 'तेव्हा तुमचा राग आला होता, पण त्यानंतर आमचं कास्टिंग सुधारलं.' त्यांना आयएटीएफचं सर्टिफिकेट घ्यायचंय. आठवड्यातून तीन दिवस येऊन तयारी करून द्या म्हणतात, आठ महिन्यांचं काम आहे. वाळूजला एका ठिकाणी कायमच्या जागेची मुलाखत पुढच्या गुरुवारी, तिथंही आतल्या माणसानं नाव दिलंय. वयाचा प्रश्न दोन्हीकडे निघाला नाही.

अडचण एकच. मालकांनी दिवसाचा दर विचारलाय आणि मी आयुष्यात कधी दर सांगितलेला नाही. किती सांगू?

जोडाक्षर | २ सप्टेंबर, रात्री ९:१०

अभिनंदन! मासिक पगाराला २२ नं भागून आलेला आकडा सांगू नका, नवे लोक तीच चूक करतात. आता पीएफ, रजा, विमा सगळं तुमच्याकडे आलं, शिवाय चार दिवस रिकामे आहेत. भागून येईल त्याच्या दीडपट तरी सांगा. येण्याजाण्याचा खर्च वेगळा. ते १० टक्के टीडीएस कापतील, तो वर्षाअखेरी रिटर्नमध्ये हिशेबात येतो. कामात काय येतं आणि काय येत नाही ते एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि गुरुवारची मुलाखत या कामापायी सोडू नका.

पिंपळपान | २ सप्टेंबर, रात्री ९:२५

दादा, सिन्नरच्या त्या फाउंड्रीत आयटीआयची दोन पोरं लागतील का, तेवढं पहिल्या आठवड्यात बघून इथं लिहाल? एक फिटर आहे, एक मशिनिस्ट. दोघंही राहायला तयार आहेत.

गोदाकाठ | २ सप्टेंबर, रात्री ९:४०

नावं आणि मार्कशीट निरोपातून पाठवा. सोमवारी पहिला दिवस आहे, त्याच दिवशी विचारतो.